सूक्ष्मतेचा उपासक : रॉबर्ट बॉश

धाराशिव जिल्ह्यातील जळकोट हे गाव सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नळदुर्गच्या पुढे वसले आहे. या रस्त्यावरून रात्रंदिवस मालमोटारींची ये-जा चालते. अशा रस्त्यावर कधी एखादी मालमोटार आचके देऊ लागते आणि कडेला उभी राहते. मिस्त्री येतो, टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या तपासतो, मळाने तुंबलेली गाळणी बदलतो आणि झिजलेल्या पंपाच्या जागी नवा पंप बसवतो. सारे सांधे आवळून झाले, तरी तो लगेच इंजिन सुरू करीत नाही. आधी हातपंपाने डिझेल चढवून तो नळ्यांतील हवा बाहेर काढतो. कारण हवा आत राहिली, तर डिझेलावर पुरेसा दाब येत नाही. बुडबुडे थांबून डिझेलाची अखंड धार आली, की मगच तो शेवटचा स्क्रू आवळतो. क्षणभरात इंजिन धडधडू लागते.

टनावारी ओझे वाहणारे हे यंत्र अशा लहानशा पंपावर आणि गाळणीवर अवलंबून असते. डिझेल इंजिनासाठी असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार करून ज्याने मालमोटारींचे युग जवळ आणले, त्याचे नाव रॉबर्ट बॉश.

रॉबर्टचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळ आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत तो अकरावा. त्याच्या वडिलांची शेती होती आणि वाटसरूंसाठी खाणावळही होती. ते स्वतः वाचनप्रिय असल्याने मुलांनी शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु रॉबर्टचे मन शाळेत रमले नाही. तेव्हा त्याला उल्म येथे एका कारागिराकडे नाजूक यंत्रांचे काम शिकण्यासाठी ठेवण्यात आले. तेथेही त्याची निराशाच झाली. शिकवणाऱ्याचे उमेदवारांकडे फारसे लक्ष नसे. ही खंत रॉबर्टच्या मनात कायम राहिली. पुढे स्वतःचा कारखाना वाढल्यावर त्याने उमेदवारांच्या शिक्षणाची उत्तम व्यवस्था केली, ती या अनुभवामुळेच.

उमेदवारी संपल्यावर त्याने अनेक कारखान्यांत काम केले. 1884 मध्ये तो अमेरिकेला गेला व एडिसनच्या कारखान्यात राहिला. तेथून इंग्लंडला जाऊन त्याने आणखी अनुभव मिळवला. मायदेशी परतल्यावर 15 नोव्हेंबर 1886 रोजी त्याने स्टुटगार्ट शहरात एक छोटी कार्यशाळा उघडली. तिच्यात एक कारागीर व एक पोऱ्या, एवढाच काय तो परिवार! विजेच्या घंटा बसवणे, दूरध्वनीची यंत्रे जोडणे अशी कामे तो करी आणि ती पाहण्यासाठी सायकलवरून गावभर हिंडे. सुरुवातीची वर्षे ओढगस्तीची गेली; पण निकृष्ट काम करून पैसा मिळवण्याचा मार्ग त्याने पत्करला नाही.

1887 मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडे इंजिनात ठिणगी पाडणारे विद्युत्-यंत्र मागितले. असे यंत्र पूर्वी निघालेले होते. बॉशने ते सुधारून बनवले. 1897 मध्ये ते मोटारगाडीच्या वेगवान इंजिनाला जोडण्यात यश आले. 1902 मध्ये त्याचा कुशल सहकारी गॉटलोब होनोल्ड याने त्याहून सरस यंत्र तयार केले आणि बॉशचे नाव देशोदेशी पोहोचले. संपत्ती आली, तरी कामगारांचा त्याला विसर पडला नाही. 1906 मध्ये त्याने आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती.

मग कसोटीचा काळ आला. 1914 ते 1918 या महायुद्धात परदेशातील त्याचे कारखाने व बाजारपेठा हातच्या गेल्या. युद्धामुळे झालेला नफा त्याने लोकोपयोगी कार्यांसाठी देऊन टाकला. 1921 मध्ये त्याचा मुलगा दीर्घ आजाराने मरण पावला. साठीला आलेल्या पित्यावर हा वज्राघातच होता. एखाद्याने अशा वेळी कामातून अंग काढून घेतले असते. परंतु बॉशने पुढच्याच वर्षी, म्हणजे 1922 मध्ये, डिझेल इंजिनासाठी पंप तयार करण्याचे अवघड काम हाती घेतले.

हे काम अवघड का होते? रुडॉल्फ डिझेल या संशोधकाने 1897 मध्ये आपले इंजिन यशस्वी करून दाखवले होते. त्यात ठिणगीची गरज नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते, की ती अतिशय तापते व तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. मात्र त्या दाबाविरुद्ध तेल आत शिरवण्यासाठी डिझेलला दाबलेल्या हवेचा झोत वापरावा लागे, आणि तो निर्माण करणारे यंत्र फार जड असे. कारखान्यांत व जहाजांवर ते चाले; मालमोटारीवर ते वाहून नेणे सोयीचे नव्हते. ही अडचण पुरती सुटण्यापूर्वीच 1913 मध्ये समुद्रप्रवासात डिझेलचा अंत झाला.

हवेच्या झोताऐवजी पंपानेच तेल फवारावे, असे प्रयत्न इतरांनीही केले होते. परंतु सर्व प्रकारच्या इंजिनांना चालतील असे भरवशाचे पंप हजारोंनी बनवणे, हे बॉशपुढील कार्य होते. पंपाने मिनिटाला शेकडो वेळा, नेमक्या क्षणी, थेंबाच्या अंशाएवढे तेल मोजून द्यावयाचे. त्यासाठी पंपातील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट किती असावी? मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील दोन-तीन भागांएवढी! माणसाच्या केसाची जाडी त्याच मापाने सत्तरच्या आसपास भरते. बॉशच्या अभियंत्यांनी सुमारे डझनभर निरनिराळे आराखडे केले, पंप इंजिनांवर चढवून तपासले, दोष काढले, पुन्हा तपासले. अखेर 1927 मध्ये कारखान्यातून पंप नियमितपणे बाहेर पडू लागले आणि हलक्या, वेगवान डिझेल इंजिनांना रस्ता मोकळा झाला.

फट इतकी सूक्ष्म असल्याने धुळीचा बारीक कणही पंपाचा शत्रू ठरतो. तो आत शिरला, की तासून गुळगुळीत केलेल्या भागांवर ओरखडे उमटतात व पंप लवकर झिजतो. म्हणूनच पंपाआधी गाळणी हवी आणि ती वेळेवर बदलली पाहिजे.

बॉशने उतारवयात स्टुटगार्ट येथे रुग्णालय उभारले. ते 1940 मध्ये सुरू झाले. तेव्हा जर्मनीत हिटलरची हुकूमशाही होती. बॉशला ती मान्य नव्हती व छळ झालेल्या अनेक ज्यू लोकांना त्याने साहाय्य केले. तथापि दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कारखान्यांतही शस्त्रसामग्री बनली आणि सक्तीने आणलेल्या मजुरांना तेथे राबावे लागले, हेही सत्य आहे. 12 मार्च 1942 रोजी बॉशचे निधन झाले.

1951 मध्ये बंगळूर येथे त्याच्या कंपनीच्या साहाय्याने कारखाना स्थापन झाला व भारतातच डिझेलचे पंप बनू लागले. पुढे आपल्या महाराष्ट्रात नाशिक येथेही कारखाना निघाला. आता नव्या मालमोटारींतील पंपांची रचना बदलली आहे. मात्र अचूकपणाची आणि स्वच्छ डिझेलाची गरज कमी न होता वाढलीच आहे.

जळकोटच्या रस्त्यावरून धावणाऱ्या मालमोटारीकडे पाहताना तिची मोठी चाके नजरेत भरतात. आत दडलेला पंप कोणाला दिसत नाही. बॉशने आयुष्यभर कष्ट वेचले, ते अशा न दिसणाऱ्या वस्तूंसाठी. कोणी पाहत नसतानाही चोख काम करणे, हेच त्याच्या थोरवीचे रहस्य होय.