जिज्ञासू पर्सी स्पेन्सर

कालचा भात किंवा सालन दोन मिनिटांत गरम करून देणारा मायक्रोवेव्ह ओव्हन आता मुंबईतील अनेक घरांत दिसतो. त्यात जाळ नसतो आणि धूरही नसतो. ही वस्तू जगाला देणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांचे शालेय शिक्षण मात्र पाचवीपर्यंतच झाले होते. त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

स्पेन्सर यांचा जन्म १८९४ साली अमेरिकेतील मेन राज्यात हाउलँड या लहान गावी झाला. पर्सी दीड वर्षाचा असताना वडील वारले. आईने त्याला नात्यातील एका जोडप्याच्या स्वाधीन केले. तो सात वर्षांचा झाला आणि पित्याप्रमाणे सांभाळणारा तो नातेवाईकही मरण पावला. घरची गरिबी होती. बाराव्या वर्षी पर्सीची शाळा सुटली आणि तो एका कारखान्यात कामाला जाऊ लागला. तेथे दोरा गुंडाळण्याची लाकडी रिळे बनत असत. आपल्या लालबाग-परळच्या गिरण्यांत अशा रिळांना बॉबीन म्हणत. कापसाच्या बाजारामुळे नाव पडलेल्या कॉटन ग्रीनच्या जुन्या लोकांना ती चांगली ठाऊक आहेत.

शाळा सुटली, पण शिकण्याची आवड सुटली नाही. सोळाव्या वर्षी पर्सीला कळले, की जवळच्या कागद गिरणीत वीज येणार आहे. त्या काळी खेड्यात विजेची माहिती फार थोड्यांना होती. त्याने विजेविषयी मिळेल ते वाचले, हाताने काम करून पाहिले आणि तो वीजतंत्री झाला.

१९१२ साली टायटॅनिक जहाज बुडाले. बिनतारी संदेशामुळे मदत आली आणि शेकडो लोकांचे प्राण वाचले. ही बातमी वाचून पर्सीला बिनतारी यंत्राची ओढ लागली. तो आरमारात भरती झाला. रात्रीच्या पहाऱ्याच्या वेळी पुस्तके उघडून तो गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र स्वतःच शिकला.

पुढे स्पेन्सर रेथिऑन नावाच्या कंपनीत अभियंता झाले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने दुरूनच शोधण्यासाठी रडार वापरत. रडारमध्ये मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते. ती मायक्रोवेव्ह, म्हणजे सूक्ष्म लहरी निर्माण करते. सुरुवातीला या नळ्या रोज थोड्याच तयार होत. स्पेन्सर यांनी बनवण्याची नवी रीत शोधली आणि रोजचे उत्पादन दोन हजारांच्या पुढे गेले. अमेरिकेच्या आरमाराने त्यांचा मोठा सन्मान केला.

१९४५ साली एकदा ते चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे होते. त्यांच्या खिशातील चॉकलेट वितळले. दुसरा एखादा माणूस खिसा पुसून कामाला लागला असता. स्पेन्सर यांनी मात्र असे का झाले, याचा विचार केला. त्यांनी मक्याचे दाणे आणवले. नळीजवळ धरताच त्यांच्या लाह्या झाल्या. मग अंडे ठेवून पाहिले. ते फुटले आणि एका सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले, असे सांगतात. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला स्पेन्सर यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ साली पहिला ओव्हन विक्रीस आला. तो माणसाएवढा उंच होता आणि त्याचे वजन सुमारे ३४० किलो होते! ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन १९६७ साली आला. १९७० साली स्पेन्सर यांचे निधन झाले.

सूक्ष्म लहरींवर आपल्या देशातही काम झाले. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात त्यांचे प्रयोग केले होते. मुंबईत पवई येथील समीर या सरकारी संस्थेने या लहरींच्या साहाय्याने चालणारे, कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र बनवले.

मुलांनो, हा ओव्हन चालतो कसा? सूक्ष्म लहरी अन्नातील पाण्याचे कण वेगाने हलवतात. त्यामुळे अन्न तापते. लहरी काच आणि चिनी मातीतून आरपार जातात, पण धातूवरून परत फिरतात. हे समजले की ओव्हन वापरण्याचे नियम आपोआप कळतात. स्टीलचा डबा, अ‍ॅल्युमिनियमचा कागद किंवा सोनेरी काठाची बशी आत ठेवू नये, ठिणग्या उडतात. सालीसकट अंडे किंवा घट्ट झाकलेला डबा ठेवू नये. आतली वाफ कोंडून स्फोट होतो. सगळ्याच प्रकारचे प्लॅस्टिक चालत नाही. मायक्रोवेव्हसाठी योग्य असे लिहिलेले भांडेच घ्यावे. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, म्हणून अन्न पसरून ठेवावे, मध्ये एकदा ढवळावे आणि सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवावे. कोरड्या भातावर थोडे पाणी शिंपडावे. नुसते पाणी फार वेळ तापवू नये. उकळी न दिसताही ते अचानक उसळून हात भाजतो. बाळाचे दूध नीट हलवून, मनगटावर थेंब टाकून पाहावे. रिकामा ओव्हन सुरू करू नये. दार वाकले किंवा नीट लागत नसेल, तर ओव्हन वापरू नये. आत पेट घेतल्यास दार उघडू नये. बटण बंद करून प्लग काढावा.

दार उघडताच लहरी बंद होतात. त्या अन्नात शिल्लक राहत नाहीत. म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण सावध राहिले पाहिजे.

खिशातले चॉकलेट वितळणे ही छोटी गोष्ट होती. पर्सी स्पेन्सर यांनी तिचे कारण शोधले, म्हणून ती मोठी ठरली. परिस्थितीमुळे शाळा सुटली, तरी ते जन्मभर विद्यार्थी राहिले. आपल्याला तर शाळा मिळाली आहे. रोजच्या वापरातील प्रत्येक वस्तूबद्दल 'का' आणि 'कसे' विचारण्याची सवय आपणही लावून घेऊ या.