फासा आणि पहारा

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? १९०२ सालचा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी निघालेली वसतिगृहे, राधानगरीचे धरण आणि खासबागेतले कुस्तीचे मैदान. शाळेच्या पुस्तकात एवढे येते आणि ते योग्यच आहे. पण महाराजांच्या आयुष्याचा बराच मोठा भाग कचेरीत नव्हे, तर माळावर आणि रानात गेला. ते पट्टीचे शिकारी होते. चरित्रकार हा भाग बहुधा राजेलोकांचा शौक म्हणून दोन ओळींत उरकतात. मला मात्र वाटते की महाराजांना नीट समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या मागोमाग थोडे रानातही गेले पाहिजे. तिथे त्यांच्या थोरवीची एक खूण सापडते आणि त्यांच्या काळाने करून ठेवलेले एक मोठे नुकसानही सापडते.

महाराजांचे जन्मनाव यशवंतराव. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली त्यांचा जन्म झाला. १८८४ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि अवघ्या नवव्या-दहाव्या वर्षी हा मुलगा कोल्हापूरचा छत्रपती झाला. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी हे त्यांचे तिथले सहाध्यायी आणि पुढे जन्माचे स्नेही. २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आत होते. धिप्पाड देह, घोड्यावर मांड पक्की, भाल्याने रानडुक्कर मारण्याचा नाद, उत्तम कुत्री पाळण्याची हौस. आणि या सगळ्याच्या जोडीला चित्ते.

आजच्या वाचकाला हे चित्तेप्रकरण थोडे उलगडून सांगितले पाहिजे. चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. बिबट्याच्या अंगावर फुलासारखी ठिपक्यांची वर्तुळे असतात, चित्त्याच्या अंगावर सुटे भरीव ठिपके. डोळ्यांपासून ओठांपर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ. कंबर ग्रेहाउंडसारखी बारीक. ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने धावणारा, पण काही शे यार्डांतच दमणारा हा प्राणी. त्याचा स्वभाव इतर मोठ्या मांजरांच्या मानाने गरीब, म्हणून तो माणसाळतो. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीवर बसवून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा. हरणे बैलगाडीला बुजत नाहीत. पुरेसे जवळ गेले की टोपी काढायची आणि दोरी सोडायची. चित्त्याने हरीण लोळवले की चित्तेवानाने धावत जाऊन हरणाचा गळा चिरायचा, लाकडी पळीत रक्त घेऊन चित्त्यापुढे धरायचे आणि तो त्यात गुंतला की पुन्हा टोपी चढवायची. कोल्हापूर आणि भावनगर ही दोन संस्थाने या शिकारीसाठी हिंदुस्थानभर प्रसिद्ध होती.

पण हा चित्ता यायचा कुठून? इथेच आपली खरी गोष्ट सुरू होते. पिंजऱ्यात जन्मलेल्या किंवा लहानपणी धरलेल्या पिलाचा शिकारीला उपयोग नसे. शिकार करायला त्याला आईच शिकवते, माणूस शिकवू शकत नाही. म्हणून रानातला पूर्ण वाढलेला, शिकारीत तरबेज झालेला चित्ताच धरावा लागे आणि तोही अंगावर ओरखडा न उठता. खड्ड्यात पडला तर पाय मोडण्याची भीती. जाळे अंगावर टाकायला तो जवळ येऊ देत नाही. मग उपाय एकच, जमिनीवर मांडलेला फासा.

चित्त्याला एक खोड असते. उघड्या माळावरचे एखादे ठरावीक झाड, बहुधा थोडे कललेले, त्याच्या पसंतीचे असते. तिथे तो वारंवार येतो, बुंध्यावर नखे ओढतो, खोडावर चढून बसतो आणि आपली खूण ठेवून जातो. एकाच झाडावर तीन-चार चित्तेही येतात. पारधी आधी हे झाड शोधून काढी. सालीवरचे ओरखडे जुने की ताजे, विष्ठा किती दिवसांची, पावले कोणत्या बाजूने आली, हे सारे तो नजरेने वाचून घेई. मग हरणाच्या स्नायूंपासून वळलेल्या तातीचे फासे तो झाडाभोवती पंचवीस-तीस फुटांपर्यंत सर्व बाजूंनी आणि सर्व कोनांत पसरी. प्रत्येक फासा जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधलेला असे. इतके झाले की झुडपाआड दडून बसायचे, कधी एक दिवस, तर कधी कितीतरी दिवस. चित्त्याचा पाय अडकताच माणसे धावून जात, घोंगडे अंगावर टाकत, डोळे झाकत आणि पाय बांधत. एका चुकीच्या हालचालीने चित्ता जायबंदी व्हायचा किंवा माणूस तरी.

पुढचे सहा महिने शिक्षणाचे. डोळे झाकलेला चित्ता वर्दळीच्या जागी खाटेला बांधून ठेवत. बायकामुलांचा गलबला, फेरीवाल्यांच्या हाका, गाड्यांची खडखड त्याच्या कानांच्या सवयीची होईपर्यंत त्याला नीट झोपूही देत नसत. हळूहळू तो माणसाच्या हातचे खाऊ लागे.

जमिनीवर मांडलेल्या फाशाचे हे तत्त्व जगभर एकच आहे. अमेरिकेत कोयोट नावाचा आपल्या कोल्ह्याच्या गोतातला प्राणी आहे, महाधूर्त. त्याला धरणारे तिकडचे सापळेवालेही आधी त्याची वाट आणि गंधाची जागा शोधतात. लोखंडी चाप जमिनीत उथळ पुरतात, वर चाळलेली माती भुरभुरतात आणि शेजारी दुसऱ्या कोयोटच्या मुताचा वास ठेवतात. चापाला माणसाच्या हाताचा वास लागू नये म्हणून केवढा आटापिटा करतात. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे डहाणू आणि तलासरीकडे गेली. तिथल्या वारली पाड्यांवर भाताच्या बांधाला तित्तर-लाव्यांसाठी लावलेले दोऱ्यांचे छोटे फासे मी पाहिले आहेत. मला दहा पावलांवरूनही ते दिसत नसत. फासे लावणाऱ्या पोराला मात्र पाखरू कुठून येणार आणि कुठे पाय टाकणार हे आधीच ठाऊक असे. जनावराला पकडते ती खरे तर त्याची स्वतःची सवय. दोरी किंवा लोखंड हे निमित्त. सवय ओळखणारी नजर हीच खरी विद्या.

महाराष्ट्रात या विद्येची मालकी ज्यांच्याकडे होती, त्यांचे नावच मुळी फासेपारधी. काळवीट, ससा, तित्तर, लावा, प्रत्येकासाठी फाशाची जाडी वेगळी, खुंट्यांमधले अंतर वेगळे. शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून चालत पाखरांना हळूहळू फाशांच्या रांगेकडे नेण्याची त्यांची हातोटी पाहून इंग्रज अधिकारीही थक्क होत. चित्ते धरून शिकवणाऱ्यांची तर चित्तापारधी अशी वेगळी शाखाच होती. राजेरजवाड्यांना त्यांच्या या कसबाची गरज असे. माणूस म्हणून मात्र त्यांना गावाच्या वेशीत जागा नव्हती.

इंग्रज सरकारने तर त्यावर कायद्याचे शिक्कामोर्तब केले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११ च्या नव्या कायद्याने त्याचे जाळे देशभर पसरले. विशिष्ट जमातीत जन्म झाला एवढ्यावर माणूस चोर ठरू लागला. हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. जंगले राखीव झाल्याने पारध्याचे पोट आधीच तुटले होते. फिरत्या माणसाला फिरण्याचीच बंदी झाल्यावर त्याने करायचे काय? भुकेपोटी शेतातले कणीस मोडले की तो पुरावा, आणि काही केले नाही तरी संशय आहेच.

महाराजांनी या माणसांना रानात पाहिले होते, पोलिसांच्या दप्तरात नव्हे. हा फरक फार मोठा आहे. शिकारी माणसाला शिकाऱ्याची पारख असते. जो माणूस पाऊलखुणेवरून जनावराची चाल सांगतो, रात्र-रात्र हालचाल न करता बसू शकतो आणि अंधारात पान हलले तरी ज्याला कळते, त्याच्यापेक्षा चांगला पहारेकरी कुठला मिळणार? महाराजांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळी येथे फासेपारध्यांना आणून ठेवले, त्यांच्या पोटापाण्याची सोय लावली आणि आपल्या मुक्कामाच्या जागेचा पहारा त्यांच्याकडे सोपवला. राज्यात जिकडे चोरी झाली तिकडे ज्यांची नावे आधी घेतली जात, तेच लोक राजाच्या दाराशी राखणीला उभे राहिले. धर्मादाय म्हणून कुणीही धान्य वाटील. आपल्या घराची राखण सोपवणे म्हणजे विश्वास टाकणे, आणि वर्षानुवर्षे संशयाखाली जगलेल्या माणसाला धान्याइतकीच विश्वासाचीही भूक असते.

१९१८ हे साल महाराजांच्या आयुष्यात फार कठीण होते. त्यांचा धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी त्या वर्षी जूनमध्ये रानडुकराच्या शिकारीत अपघात होऊन गेला. वय अवघे एकोणीस. ज्या रानाने बापाला इतके दिले, त्यानेच मुलगा नेला. मागे कोवळ्या वयाची सून राहिली, इंदुमतीदेवी. तिला अंतःपुरात कोंडून न ठेवता महाराजांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था याच सोनतळीला केली. आणि मुलाच्या निधनाच्या त्याच वर्षात त्यांनी आपल्या राज्यातली महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांची सक्तीची हजेरी बंद करण्याचा हुकूम काढला. दुःखाने माणूस आत वळतो, कडवट होतो. महाराज त्या दिवसांत दुसऱ्यांच्या पायांतले फासे सोडवत होते. १९१९ साली कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजाने त्यांना राजर्षी म्हणून गौरवले, ते उगाच नव्हे.

पण जमेची बाजू लिहिली की खर्चाचीही लिहावी लागते. आयुष्यभर खातेवह्या पाहिलेल्या माणसाला ते टाळता येत नाही. चित्ता पाळीव अवस्थेत वितच नसे. मोगल दरबारात हजारो चित्ते बाळगले गेले, पण पिले झाल्याची नोंद एकदाच, जहांगीरच्या कारकिर्दीत. त्यानंतर जगात कुठेही पिंजऱ्यातल्या चित्तिणीला पिले झाल्याची खात्रीची नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे दरबारात आलेला प्रत्येक चित्ता रानातून वजा झालेला. व्याज नाही, भरणा नाही, नुसते मुद्दलातून काढणे. शेकडो वर्षे हे चालले. त्यात माळराने नांगराखाली गेली, काळविटे घटली आणि बंदुका आल्या. महाराजांच्या अखेरच्या वर्षांत हिंदी चित्ता इतका विरळ झाला की संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. १९१८ ते १९४५ या काळात असे किमान दोनशे चित्ते हिंदुस्थानात आले आणि त्यांत कोल्हापूर व भावनगर आघाडीवर होते. या एका नादाची थोडी जबाबदारी महाराजांच्याही खाती पडते. ती लपवून त्यांचे मोठेपण वाढत नाही आणि सांगितल्याने कमीही होत नाही. त्यांनी आणि त्यांच्या वारसांनी शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे रान मात्र टिकले. तिथले गवे वाचले आणि १९५८ साली ते अभयारण्य झाले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. वय अठ्ठेचाळीससुद्धा पुरे नव्हते.

पुढे १९४७ साली कोरिया संस्थानात शेवटचे तीन हिंदी चित्ते एका रात्री गोळीला बळी पडले आणि १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. त्याच १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून रद्द झाला. एका वहीतून प्राणी खोडला गेला, दुसऱ्या वहीतून माणसावरचा शिक्का. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासे लावणे हाच गुन्हा झाला आणि प्राण्यांसाठी ते आवश्यकच होते. पण त्या दिवशी पारध्याची पिढीजात विद्या निकामी झाली, तेव्हा तिच्या बदल्यात त्याच्या हाती काय दिले गेले? आज रानात जे फासे सापडतात ते तातीचे नसतात. मोटारसायकलच्या क्लचची तार कुंपणाला बांधून लावणारा निघून जातो. रानडुकरासाठी लावलेल्या त्या तारेत बिबट्या अडकतो आणि तडफडून मरतो. तिथे ना नजर, ना पाळत, ना कसब.

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आणले गेले. त्यांच्या गळ्यात यंत्रे आहेत, मागावर पथके आहेत, खर्चाची तरतूद आहे. तिथे पिलेही जन्मली. गेलेले जनावर परत आणण्यासाठी आपण एवढा खटाटोप करतो याचा आनंदच आहे. मात्र त्या जनावराचे पाऊल वाचू शकणाऱ्या माणसांची नातवंडे आजही गावाबाहेरच्या पालांतून दिसतात आणि कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी त्या पालांकडे वळते. शंभर वर्षांपूर्वी एका राजाने अशाच माणसांना बोलावून आपल्या दारावर पहाऱ्याला उभे केले होते. त्याला त्यासाठी ना समिती नेमावी लागली, ना अहवाल मागवावा लागला. सोनतळीला त्या रात्री राजा निर्धास्त झोपला असेल आणि कदाचित प्रथमच दाराबाहेरचा पारधीही कुणाच्या भीतीने नव्हे, तर आपल्या कामासाठी जागा राहिला असेल.