अहिल्याबाई होळकर व त्यांच्या दानाची व्यवस्था

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागी, जामखेड तालुक्यात, सीना नदीच्या काठी चौंडी म्हणून एक लहान गाव आहे. सन १७२५ च्या मे महिन्याच्या ३१ तारखेस ह्या गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी एक कन्या जन्मली. तिचे नाव अहिल्या. पुढे हीच मुलगी माळव्याची राज्यकर्ती झाली, आणि २०२४ साली तिच्या नावावरून आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. तिच्या राज्यकारभाराची कीर्ती पुष्कळांनी गाइली आहे. आज आम्ही वाचकांपुढे तिच्या चरित्राची एकच बाजू ठेवणार आहो. ती ही की, दानासाठी म्हणून जो पैसा तिच्या हाती आला तो तिने कसा राखिला, कसा खर्चिला, आणि तिच्या मागे त्याचे काय झाले. ज्या मंडळीजवळ दानपेटी आहे, आणि ज्या उपदेशकाच्या हातून ती उघडली जाते, त्या सर्वांस हा विषय जवळचा वाटेल असा आमचा भरवसा आहे.

मल्हारराव होळकर हे पेशव्यांचे मोठे सरदार होते. प्रवासात चौंडी येथे त्यांचा मुक्काम पडला असता ही मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली, आणि तिचे वळण पाहून त्यांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली, असे सांगतात. सन १७३३ च्या सुमारास त्यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला. तिला मालेराव हा मुलगा व मुक्ताबाई ही मुलगी अशी दोन अपत्ये झाली. परंतु सन १७५४ मध्ये भरतपूरजवळील कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. त्या काळच्या रूढीप्रमाणे बाई सती जाण्यास सिद्ध झाल्या, तेव्हा वृद्ध सासऱ्यांनी कळवळून त्यांस आवरिले. हा विनवणीचा शब्द बाईंनी ऐकिला नसता तर पुढील कोणतीच गोष्ट घडली नसती.

मल्हाररावांचा बहुतेक काळ स्वारीवर जाई. वसुलाचे हिशेब, सैन्यास रसद, पत्रव्यवहार ही कामे ते सुनेवर सोपवीत. घरातील एका विधवेच्या हाती कीर्द व खतावणी देणे ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. बाईंनी ह्या कामात जी शिस्त अंगी बाणविली तीच पुढे त्यांच्या दानधर्माचा पाया झाली.

सन १७६६ मध्ये मल्हारराव वारले. मालेराव गादीवर बसले, परंतु पुढच्याच वर्षी तेही मरण पावले. दौलतीस आता पुरुष वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा बेत असा की, बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे व कारभार आपल्या हाती राहावा. त्यांनी राघोबादादांस आपल्या बाजूस वळविले आणि दादा फौज घेऊन निघाले. बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी शिंदे, गायकवाड आदी सरदारांस पत्रे धाडली, स्वतः लढण्याची तयारी केली, आणि पेशव्यांकडे न्याय मागितला. माधवराव पेशव्यांनी बाईंचा हक्क मान्य केला. तुकोजी होळकर यांच्याकडे सैन्य सोपवून बाईंनी नर्मदेच्या काठी महेश्वर येथे राजधानी केली, आणि सन १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, राज्य चालविले.

आता आमच्या मुख्य विषयाकडे येऊ. होळकरांच्या घरात पैशाच्या दोन थैल्या होत्या. एक दौलतीची, म्हणजे राज्याच्या वसुलाची. तीतून फौज, गडकोट व कारभार चाले. दुसरी खासगीची. सन १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही महाल स्वतंत्र करून दिले होते. त्यांचे उत्पन्न राणीचे स्वतःचे असे. सन १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्यावर ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. बाईंनी आपला दानधर्म ह्या खासगीतून चालविला. कारभार हाती येताच घरातील साठविलेला मोठा ठेवाही त्यांनी विधिपूर्वक संकल्प सोडून धर्मकार्याकडे वेगळा काढिला. राघोबादादांनी ह्या ठेव्याची मागणी केली तेव्हा बाईंनी कळविले की, हा पैसा दानाचा झाला आहे, दान म्हणून घ्यावयाचा असेल तर खुशाल घ्यावा. आणि दादा निरुत्तर झाले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील नियम ध्यानात धरण्याजोगा आहे. एकदा जो पैसा दानाचा ठरला तो मग देणाऱ्याचाही राहत नाही, आणि बलवंताचाही होत नाही.

ह्या थैलीतून काय काय घडले ते पाहता मन थक्क होते. काशीस विश्वेश्वराचे देवालय सन १७८० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. सन १७८३ मध्ये सोमनाथ येथे, व सन १७८७ मध्ये गयेस विष्णुपद येथे बांधकाम झाले. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांनी केला. बदरीकेदारापासून रामेश्वरापर्यंत आणि द्वारकेपासून जगन्नाथपुरीपर्यंत धर्मशाळा, अन्नछत्रे, घाट, विहिरी, बारवा व पाणपोया झाल्या. ह्यांपैकी पुष्कळ ठिकाणी बाईंचे राज्य नव्हते. गया तर त्या वेळी इंग्रज कंपनीच्या अमलाखाली होती. जेथून कर मिळण्याची आशा नाही, तेथील वाटसरूच्या तहानेचीही त्यांस काळजी होती.

आम्ही मूर्तिपूजक देवालयांचे बांधकाम आपले कार्य मानीत नाही, हे वाचकांस ठाऊक आहे. तरी ह्या कामांची व्यवस्था कशी होती तिकडे लक्ष द्यावे. नुसती इमारत उभारून बाई थांबत नसत. अन्नछत्र घातले तर त्याच्या रोजच्या शिध्याला उत्पन्न लावून देत. कोठे वर्षासन बांधून देत, कोठे जमीन नेमून देत. कामावर माणूस ठेवीत व त्याच्याकडून खबर मागवीत. दगड एकदाच बसवावा लागतो, परंतु धान्य दररोज लागते, हे त्यांनी ओळखिले होते. आपल्या खेड्यांतून अशा किती विहिरी दिसतात की ज्यांवर देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे, परंतु गाळ काढण्यास दमडी कोणी ठेविली नाही! देणाऱ्याचे नाव वर राहिले, पाणी मात्र खाली गेले.

सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी बाईंच्या मृत्यूनंतर सुमारे दोन तपांनी माळव्यात आला. बाईंची कीर्ती ऐकून त्यास प्रथम संशय वाटला. म्हणून त्याने नाना जातींच्या व दर्जाच्या माणसांकडे चौकशी केली, आणि सन १८२३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ती हकीकत लिहिली. तो सांगतो की, बाई दररोज गरिबांस अन्न घालीत, व सणाच्या दिवशी अगदी खालच्या मानलेल्या वर्गांसही जेवण देत. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणी देणारी माणसे उभी असत. थंडी पडू लागली म्हणजे दुबळ्यांस वस्त्रे मिळत. महेश्वरच्या आसपास शेतात नांगर चालला असता बाईंची माणसे जाऊन औत थांबवीत व बैलांस पाणी पाजीत. मोठ्या देणगीची वाट न पाहता तहानेच्या वेळी पाणी देणे, हाही दानाचा एक नियम आहे.

दुसऱ्याच्या दानाविषयीही बाईंची वृत्ती अशीच निर्मळ होती. त्या काळी निपुत्रिक सावकार मेला म्हणजे त्याच्या द्रव्यावर राज्यकर्त्यांची नजर जाई. बाईंनी विधवांस दत्तक घेण्याची मोकळीक दिली व त्यांच्या धनास हात लाविला नाही. खरगोण येथील एका सावकार घराण्यात वारस उरला नाही, तेव्हा त्या घरच्या विधवेने सर्व संपत्ती बाईंपुढे आणून ठेविली. बाईंनी ती घेतली नाही. हे द्रव्य लोकोपयोगी कामी तुम्हीच लावा, म्हणजे तुमच्या घराचे नाव राहील, असा सल्ला त्यांनी दिला; आणि त्या पैशातून खरगोणास नदीवर घाट व गणपतीचे देऊळ झाले, असे माल्कम लिहितो. ज्याला स्वतः द्यावयाचे कळते तोच दुसऱ्यास देण्यास धीर देऊ शकतो. आलेले धन आपल्या तिजोरीत ओढून घेणे सोपे होते. देणाऱ्यास वाट दाखवून त्याचा हात मोकळा ठेवणे हे कठीण.

बाईंच्या दानावर टीका झाली नाही असे नाही. एवढा पैसा धर्मादायात घालण्यापेक्षा फौजेवर खर्चावा, असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हांसही वाटते की, त्या द्रव्याचा मोठा भाग तीर्थक्षेत्री व ब्राह्मणभोजनात गेला, आणि ज्यांस गावाच्या वेशीबाहेर राहावे लागे त्यांच्या वाट्यास फार थोडे आले. सतीच्या रूढीपुढेही त्यांचा उपाय चालला नाही. सन १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले व एकुलती उरलेली मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने पुष्कळ विनविले, ते व्यर्थ झाले. इतके दुःख सोसूनही दानाच्या थैलीचा नेम त्यांनी मोडिला नाही. एकाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणिला, तो त्यांनी ऐकून घेतला आणि आपण एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे म्हणून नर्मदेत टाकविला, ही गोष्टही माल्कमने दिली आहे. दाता नम्र असला म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

सन १७९५ च्या ऑगस्ट महिन्याच्या १३ तारखेस बाईंचा अंत झाला. आता जे सांगावयाचे ते वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. देणारी गेली, पण दान राहिले. सन १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारत संघात विलीन झाले. त्या वेळच्या करारात असे ठरले की, खासगीचे उत्पन्न सरकारकडे जावे, आणि त्याच्या बदली ह्या धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूस काढावे. सन १९६२ मध्ये त्यासाठी इंदूर येथे खासगी ट्रस्ट स्थापन झाला. देशभर पसरलेल्या २४६ मिळकती त्याच्याकडे होत्या. पुढे त्यांपैकी काही विकल्या गेल्या, त्यावरून वाद माजला, आणि प्रकरण न्यायालयात गेले. सन २०२० मध्ये उच्च न्यायालयाचा, व सन २०२२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, हा ट्रस्ट सार्वजनिक आहे. त्याने मध्य प्रदेशच्या १९५१ च्या कायद्याखाली नोंदणी करावी, आणि झालेल्या विक्रीची चौकशी व्हावी. बाईंच्या मृत्यूला सव्वादोनशे वर्षे लोटल्यावरही त्यांच्या थैलीचा हिशेब मागितला गेला. दान दिल्याने काम संपत नाही. ते राखणारे हात बदलत जातात, म्हणून राखण्याचा नियम लिहून ठेवावा लागतो.

मंडळीतील पुष्कळ जण म्हणतील की, राणीच्या गोष्टीचा आम्हां शेतकरी व मोलकरी लोकांस काय उपयोग? आमची पेटी ती केवढी! परंतु प्रश्न पेटीच्या आकाराचा नाही. आठवड्यास मूठभर बाजरी देणाऱ्या बाईचा विश्वास आणि महाल नेमून देणाऱ्या राणीचा विश्वास सारखाच मोलाचा आहे. किंबहुना गरिबाच्या मुठीस जपणे अधिक अगत्याचे, कारण ती मूठ तिच्या मुलांच्या ताटातून निघालेली असते.

म्हणून आम्ही आपल्या पंचांस व उपदेशकांस चार गोष्टी विनवितो. पहिली, दानाचा पैसा व घरचा पैसा एका डबीत ठेवू नये. चार दिवसांच्या उसनवारीसाठीही नाही. दुसरी, विधवांसाठी, शाळेसाठी वा प्रार्थनामंदिराच्या छपरासाठी म्हणून जे आले ते त्याच कामी लावावे. तिसरी, काही बांधावयाचे तर त्याच्या दुरुस्तीची तजवीज आधी करावी. चौथी, जमाखर्च लिहावा आणि मंडळीसमोर मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे ज्यास अक्षरओळख नाही त्यासही कळेल. आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे. त्याप्रमाणे नोंदलेल्या संस्थेस हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून तिची जमीन विकता येत नाही. पुष्कळांस हा कायदा जाच वाटतो. आम्हांस तो कुंपणासारखा वाटतो. ज्याच्या शेतात पीक आहे त्यास कुंपणाचा राग येऊ नये.

चौंडीच्या पाटलाच्या मुलीस राज्य मिळाले ते लग्नाने, आणि थैली मिळाली ती सासूकडून. परंतु त्या थैलीचा विश्वास तिने स्वतः कमाविला. ह्या रविवारी दानाची पेटी उघडताना दोघांनी मिळून उघडावी, दोघांनी मोजावी, आणि वहीवर दोघांनी सही करावी. सही येत नसेल तर अंगठा उठवावा. एवढे जरी झाले तरी विश्वासू कारभाऱ्याचे काम आपल्या गावात सुरू झाले असे आम्ही समजू.