शिवछत्रपतींची काटकसर

भोर-वेल्ह्याच्या मुलखात जन्मलेल्या माणसास राजगड आणि तोरणा हे दोन किल्ले घराच्या उंबऱ्यावरून दिसतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ति होणार नाही. गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, हिरडस मावळ, रोहिड खोरे ही नावे आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होती, आणि त्या खोऱ्यांतील माणसांच्या शौर्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ज्या थोर पुरुषाने या खोऱ्यांतून राज्य उभे केले, त्याने ते राज्य चालविले कसे, दाणागोटा पुरविला कसा, पैसा राखला कसा, याविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. अफझलखानाचा वध आपणांस तपशीलवार ठाऊक असतो. गवताच्या गंजीची काळजी वाहणारे महाराज आपल्या परिचयाचे नसतात. आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे महाराजांच्या चरित्राची ही बाजू ठेवावी, असा हेतु आहे.

शिवरायांचा जन्म शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. ते वर्षच मोठे वाईट होते. १६३० ते १६३२ या काळात दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला, आणि त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून बेचिराख केले. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्यास राहावयास आले तेव्हा ही जहागीर मोडकळीस आलेली होती. शेते ओस पडलेली, रयत परागंदा झालेली. ती परत आणून बसवावयाची, बीबियाणे द्यावयाचे, सारा पहिली काही वर्षे हलका ठेवावयाचा, असा तो संसार होता. मोडलेले घर सावरताना पाहिलेल्या मुलास दाण्याची किंमत निराळी शिकवावी लागत नाही.

१६४६-४७ च्या सुमारास तोरणा हाती आला. गडाची डागडुजी करीत असता तेथे द्रव्य सापडले, असे बखरी सांगतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती अवचित धन आले म्हणजे काय होते, हे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिले आहे. येथे तसे घडले नाही. ते द्रव्य समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची पडले व त्यातून राजगड उभा राहिला. सुमारे पंचवीस वर्षे हाच गड राज्याची राजधानी होता. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, अशी त्याची रचना. माचीवर राहती घरे, सदर, तळे आणि धान्याचे अंबारखाने. राजधानी म्हणावी तर तिच्यात डोळे दिपविणारे असे काही नाही; जे आहे ते तट, बुरूज, चोरदरवाजे आणि पाण्याची टाकी. पैसा कोठे गेला हे आजही दगडावरून वाचता येते.

गडावरून खाली दिसणाऱ्या खोऱ्यांतही ही दृष्टि पोहोचली होती. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत लिहिले आहे की, देशमुख, देशपांडे, पाटील अशी वतनदार मंडळी रयतेपासून हवे तितके वसूल करीत, सरकारात थोडेसे भरीत, आणि बुरुजांचे वाडे बांधून बळावत. महाराजांनी वतनदारांचे हक्क धान्यात आणि रोखीत नेमून दिले आणि त्यांनी बुरुजांविना साधी घरे बांधून राहावे, असा नियम केला. ही गोष्ट आपल्यापैकी काही जुन्या घराण्यांस कदाचित रुचणार नाही. पण दाराशी बुरूज बांधण्याची हौस अखेर कुणब्याच्याच कोठीतून पुरविली जात असे, ही गोष्ट नाकबूल करता येत नाही.

लष्कराची व्यवस्थाही अशीच. जहागिरी तोडून न देता पगार रोख किंवा वरातीने देण्याचा प्रघात पडला. सभासदाने वर्णिलेली पद्धत मोठी मनोरंजक आहे. पावसाळ्यात फौज छावणीस येई. दसऱ्यास बाहेर पडे. निघताना प्रत्येकाजवळ काय चीजवस्त आहे याची यादी होई, आणि आठ महिन्यांनी परतल्यावर पुन्हा झडती होऊन यादीशी ताळा पाहिला जाई. जे अधिक निघेल ते सरकारजमा व्हावे, वा पगारातून वजा व्हावे. स्वारीत बायका, बटकी, कलावंतिणी बरोबर नेण्यास सक्त बंदी होती. मोगलांच्या छावण्या म्हणजे हिंडती शहरेच असत. त्यांच्या शंभर तंबूंच्या ओझ्यापुढे मावळ्यांचा हा हलका संसार किती कामास आला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१६६५ च्या जून महिन्यात या घराची खरी कसोटी लागली. पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांस द्यावा लागला. बारा किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख तेवढा उरला. आपल्या भोरजवळचा रोहिडा गेला. राजगड व तोरणा राहिले. पाचातील चार हिस्से गेले असता घरधनी काय करतो? बहुतेक जण बाहेरचा डौल तसाच ठेवून आतून कर्ज करतात. पुढच्या वर्षी आग्ऱ्याची कैद आणि तेथून सुटका झाली. महाराज राजगडास परत आले, आणि नंतरची तीन वर्षे फारशी लढाई न करता राज्याची घडी बसविण्यात त्यांनी घालविली. १६७० साली ते पुन्हा उठले, सिंहगड आला, आणि अल्पावधीत बहुतेक गेलेले परत आले. मधली तीन वर्षे इतिहासाच्या पुस्तकांत एका परिच्छेदात उरकतात. मला ती फार मोलाची वाटतात.

त्यानंतरचा एक कागद उपलब्ध आहे. १६७१-७२ साली गडांच्या बांधकामासाठी एक लक्ष पंचाहत्तर हजार होनांची तरतूद ठरविण्यात आली, तिची ही नेमणूक आहे. रायगडास पन्नास हजार. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर आणि राजगड यांस प्रत्येकी दहा हजार. प्रचंडगड, म्हणजे आपला तोरणा, यास पाच हजार. याप्रमाणे उतरत उतरत मनोहरगडास एक हजार, आणि किरकोळीस सात हजार. बेरीज बरोबर जुळते. खर्च आधी कागदावर, मग गवंड्याच्या हाती, अशी ही रीत होय. त्याच काळात सव्वा लक्ष होनांचा एक राखीव खजिना निरनिराळ्या महालांतून उभा करण्याचेही ठरले. मोगल येऊन गडांस वेढे घालतील तेव्हा गड राखण्यासाठीच तो उघडावयाचा, एरवी कोणत्याही कामास त्यास हात लावावयाचा नाही, असा निर्बंध होता. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया डाळीच्या डब्यात पुरचुंडी ठेवीत, आणि घरात कोणी दुखण्याने पडल्याखेरीज ती सोडीत नसत. त्या निरक्षर आज्यांना महाराजांच्या दप्तरातला हा कागद सहज समजला असता.

परंतु महाराजांची काटकसर ज्यात सर्वांत स्पष्ट दिसते ते एक पत्र आहे. राज्याभिषेकाच्या आधी थोड्याच काळापूर्वी, चिपळूणच्या बाजूस पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, हवालदारांना व कारकुनांना ते लिहिलेले आहे. विषय काय, तर घोड्यांचे गवत व दाणा. त्याचा मथितार्थ असा : पावसाळ्यासाठी म्हणून जो साठा केला आहे, तो आताच मन मानेल तसा वापराल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेच्या मागे लागाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. जे गरीब कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत ते गाव सोडून जातील, आणि त्यांस मोगलांहून तुम्हीच वाईट वाटाल. म्हणून दिवसांची मोजणी करून रोजचा शिधा नेमा, आणि जे लागेल ते बाजारातून विकत घ्या.

येथवरही एखादा दक्ष अधिकारी लिहू शकला असता. पुढे मात्र लिहिणारा प्रत्यक्ष पागेत जाऊन उभा राहतो. कोणी गंजीजवळ चूल पेटवील, कोणी आगटी करील, कोणी वारा न पाहता तंबाखू ओढील. रात्री दिवा तसाच जळत ठेवाल, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, ती गवतास लागेल, आणि सारी पागा भस्म होईल. मग कोणाची डोकी मारली तरी एक काडी मिळणार नाही. यास्तव निजताना दिवे विझवा. ज्या पुरुषाच्या नावाने दिल्लीच्या दरबारात चिंता उत्पन्न होत होती, त्याच्या मनात त्या दिवशी उंदराने नेलेली वात होती. जळते दिवे, उघडे नळ आणि भरल्या ताटातले उष्टे यांवरून आपल्या घरी सूनबाईंना वा मुलांना बोलावे लागते तेव्हा हे पत्र आठवावे. त्यात कमीपणा काही नाही.

काटकसर आणि चिक्कूपणा यांत अंतर आहे, आणि महाराजांच्या बाबतीत ते विसरता कामा नये. ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. रयतेच्या भाजीच्या देठासही मन लावू नये, वसुलात आलेले धान्य साठवून कुजवू नये, भाव पाहून विकावे, म्हणजे सरकारचे नुकसान होणार नाही, हे एका अंगास. ज्या कुणब्यास अंगी बळ आहे पण बैल नाही, बी नाही, खावयास दाणा नाही, त्यास बैल घेऊन द्यावा, दाणा द्यावा, त्याचे वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल तो सावकाश देईल तसे घ्यावे, आणि यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, हे दुसऱ्या अंगास. गवताच्या काडीचा हिशेब मागणारा हाच हात बियाण्याच्या वेळी असा सैल सुटतो.

मग राज्याभिषेकाचे काय, असा प्रश्न येथे कोणी करील. आणि तो मला प्रत्यक्ष करण्यात आलेला आहे. माझ्या एका चुलत्यांनी थोरल्या मुलीच्या लग्नात मांडव, वाजंत्री आणि तीन दिवसांच्या पंक्ती यांपायी ओढ्याकाठचे भाताचे खाचर गहाण टाकले. घरातल्यांनी आडकाठी केली तेव्हा त्यांनी रायगडचा दाखला दिला. ६ जून १६७४ चा सोहळा साधा नव्हता, हे खरे आहे. सोन्याची तुळा झाली. ती सुमारे सोळा हजार होनांची होती, असे त्या वेळी रायगडावर असलेल्या इंग्रज वकिलाच्या वृत्तांतावरून कळते. सभासदाने एकंदर खर्चाचा आकडा एक कोट बेचाळीस लक्ष होन दिला आहे; तो अभ्यासकांस फुगलेला वाटतो, पण खर्च अफाट होता यात संशय नाही. मात्र त्या सोहळ्याने राजा हा बंडखोर जहागीरदार नसून छत्रपति आहे, हे हिंदुस्थानास कळले. त्याच्या सनदा, त्याचे तह, त्याचे नाणे यांस आधार आला. आणि त्यासाठी कोणाचे खाचर गहाण पडले नव्हते. जुलैतच पेडगावास बहादुरखानाच्या छावणीवर छापा पडून एक कोटीचा ऐवज व दोनशे घोडी आल्याची नोंद आहे. चुलत्यांना हे मी तेव्हा सांगू शकलो नाही; मी लहान होतो. ते खाचर सुटावयास अकरा वर्षे लागली.

छत्रपति झाल्यावर राहणी पालटली असेल, असे वाटणे साहजिक आहे. १६७७ साली महाराज कर्नाटकाच्या स्वारीत असता पाँडेचेरीच्या फ्रेंचांचा एक वकील त्यांच्या छावणीत गेला. फ्रान्स्वा मार्तँ याने आपल्या रोजनिशीत त्याचा वृत्तांत नोंदविला आहे. छावणीत डामडौल नव्हता, स्त्रिया नव्हत्या, सामानसुमानाचे लटांबर नव्हते. तंबू काय ते दोनच, जाड्याभरड्या कापडाचे आणि अगदी लहान. एक महाराजांचा, दुसरा त्यांच्या प्रधानाचा. सिंहासनाधीश्वर होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे देहावसान झाले. त्यांच्या हाताखाली वावरलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे जे आज्ञापत्र प्रसिद्ध आहे, त्यात गड व आरमार यांविषयीच्या प्रकरणांत ही सारी शिस्त उतरलेली आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी करावी, साठलेले पाणी जतन करावे. आंबा-फणसांसारखी झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात. गडावरचा केरकचरा खाली न लोटता जागच्या जागी जाळावा, आणि त्याची राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला करावा.

गुंजवण्याच्या वाटेने राजगड चढून गेल्यास पद्मावती माचीवर जुन्या घरांची जोती दिसतात. त्यांच्या मागे परसे कोठे असतील हे आता सांगता येत नाही. माचीवरच्या तळ्यात मात्र पाणी असते, आणि गड पाहावयास आलेली आपल्याच तालुक्यातील शाळांची मुले त्याच्या काठी बसून शिदोरी सोडतात.