ज्या काळात पुरुष साडी नेसून टाळ्या घ्यायचे, त्या काळात कमलाबाई गोखले नाटकावर घर चालवत होत्या

स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चाळली की एक प्रश्न हमखास सापडतो. भारतीय सिनेमातली पहिली बालनायिका कोण? उत्तर : कमलाबाई गोखले. पोरं उत्तर पाठ करतात, एक मार्क मिळवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

पण या बाईने त्या सिनेमानंतरही काम केलं. थोडंथोडकं नाही, म्हातारपणापर्यंत केलं. आणि त्यातलं सगळ्यात अवघड काम सिनेमात नाही, रंगभूमीवर होतं.

तर गोष्ट सुरू होते त्यांच्या आईपासून, दुर्गाबाई कामत यांच्यापासून.

दुर्गाबाईंचे पती आनंद नानोसकर हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इतिहास शिकवायचे. ६ सप्टेंबर १९०० रोजी या दोघांना मुलगी झाली, तिचं नाव कमला. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत हा संसार मोडला. १९०३ साली नवऱ्यापासून वेगळं राहायचं म्हणजे काय, हे आज समजून घ्यायला थोडी कल्पना ताणावी लागते. पोटगी, कोर्ट, नोकरी यातलं काही हाताशी नाही. उच्चवर्णीय घरातल्या एकट्या बाईपुढे दोनच रस्ते असायचे. एक तर माहेरी परत जाऊन कोपऱ्यात पडून राहायचं, नाहीतर दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करायचा.

दुर्गाबाईंनी तिसराच रस्ता धरला. त्या पोरीला घेऊन नाटक कंपनीत गेल्या.

आता यात एवढं काय, असं वाटू शकतं. जळकोट-नळदुर्गकडच्या जत्रेत तमाशा पाहिलेला कुणीही म्हणेल की बाई फडात नाचते, गाते, यात नवल ते काय. पण तमाशाचा फड वेगळा आणि संगीत नाटकाची कंपनी वेगळी. तमाशात नाचणाऱ्या बाईची जात आणि जागा समाजाने आधीच ठरवून टाकली होती. शहरातलं संगीत नाटक मात्र पांढरपेशांचं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हापासून इथे शकुंतला, सुभद्रा, वसंतसेना या सगळ्या भूमिका पुरुषच करायचे. भाऊराव कोल्हटकर हे त्यातलं पहिलं मोठं नाव. मग १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा तरुण किर्लोस्कर कंपनीत आला, ज्याला आपण बालगंधर्व म्हणून ओळखतो.

बायकांनी काम करायच्या काही स्त्री नाटक मंडळ्या होत्या, नाही असं नाही. पण तिथल्या बहुतेक अभिनेत्री कलावंतिणींच्या घरातून आलेल्या. पांढरपेशा घरातली बाई रंगमंचावर उभी राहिली की तिच्यासाठी घरचे दरवाजे बंद. दुर्गाबाईंच्या बाबतीत तेच झालं. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकलं.

याच काळात गंमत बघा. बालगंधर्व रंगमंचावर जशी साडी नेसायचे, जसा गजरा माळायचे, तशी साडी आणि तसा गजरा पुण्या-मुंबईच्या चांगल्या घरातल्या बायका उचलायच्या. म्हणजे बाईने कसं दिसावं हे एका पुरुषाकडून शिकायला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती खऱ्या बाईने तिथे उभं राहायला. बालगंधर्वांच्या कलेबद्दल इथे एक अक्षर वावगं म्हणायचं नाही, माणूस तसाच थोर होता. पण त्या टाळ्यांच्या आवाजात दुर्गाबाईंसारख्यांचं काय झालं, हे फार कमी सांगितलं जातं.

कमला चार-पाच वर्षांची असतानाच रंगमंचावर उभी राहिली. कंपनी आज इथे, पुढच्या महिन्यात तिथे. त्यामुळे शाळा नाही. लिहायला-वाचायला आईनेच शिकवलं, बाकी शिक्षण म्हणजे नाटकांची पाठांतरं आणि पदं. त्या काळी माईक नव्हता. ऑर्गन आणि तबल्याच्या वर आवाज काढून शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द ऐकू गेला पाहिजे, ही पहिली अट. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं, वन्स मोअर मिळाला की पद पुन्हा. या तालमीत जो तयार झाला तो आयुष्यभर पुरला.

मग आलं १९१३ साल.

दादासाहेब फाळकेंचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्यातल्या तारामतीच्या भूमिकेसाठी फाळकेंनी बाई शोधायचा जंग जंग प्रयत्न केला, जाहिराती दिल्या, अगदी वेश्यावस्तीत जाऊन विचारलं. कुणी तयार झालं नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके फाळकेंच्या नजरेस पडले. तिथे त्यांना महिना १० रुपये मिळायचे, फाळकेंनी १५ देऊ केले आणि भारताच्या पहिल्या कथापटाची नायिका मिशा काढून तयार झाली.

दुसऱ्या सिनेमासाठी फाळकेंना पुन्हा तेच करायचं नव्हतं. विषय होता ‘मोहिनी भस्मासुर’. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म होईल, असा वर मिळालेला असुर शंकराच्याच मागे लागतो. मग विष्णू मोहिनीचं रूप घेऊन नाचतो आणि नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावतो. यातल्या मोहिनीसाठी फाळकेंनी १३ वर्षांच्या कमलाला घेतलं आणि पार्वतीसाठी तिच्या आईला. नाशिकला चित्रीकरण झालं. माय-लेकी एकाच सिनेमात आल्या आणि भारतीय पडद्यावर पहिल्यांदा बाईची भूमिका बाईने केली.

पण जरा थांबून विचार केला तर यातही एक मजा आहे. मोहिनी म्हणजे कोण? बाईच्या वेषातला विष्णू. म्हणजे भारतीय सिनेमाच्या पहिल्या नायिकेने केली ती भूमिकाही बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाचीच.

या दोघी नंतर पुन्हा नाटकाकडे वळल्या. मूकपट तेव्हा नवलाचं खेळणं होतं, पोट भरायचं ते नाटकावरच. आणि १९१३ हे नाटकाच्याही मोठ्या भरभराटीचं वर्ष. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी याच वर्षी गंधर्व नाटक मंडळी काढली. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श आधीपासून जोरात होती. या बड्या कंपन्यांच्या भोवती लहान-मोठ्या कितीतरी कंपन्या फिरत होत्या. त्यातलीच एक गोखले बंधूंची चित्ताकर्षक नाटक मंडळी.

या घरातल्या रघुनाथराव गोखल्यांशी कमलाबाईंचं लग्न झालं. रघुनाथराव आधी किर्लोस्कर कंपनीत होते आणि तिथे स्त्रीभूमिका करायचे. वयानुसार आवाज फुटला आणि ती कामं हातची गेली. मग ते भावांच्या कंपनीत आले. इथे नायक रघुनाथराव आणि नायिका कमलाबाई. नवरा-बायकोच नायक-नायिका म्हणून उभे राहायचे, ही त्या काळातली फार दुर्मिळ गोष्ट. पंधरा-सोळा वर्षांची कमलाबाई तेव्हाच नावाजलेली नटी होती.

१९२१ साली मिरजेला थोरला मुलगा झाला, चंद्रकांत. मग दुसरा मुलगा. तिसऱ्याच्या वेळी कमलाबाई गरोदर होत्या आणि रघुनाथराव गेले. कमलाबाईंचं वय तेव्हा २५.

इथे त्यांची आणि त्यांच्या आईची गोष्ट एकमेकींवर बसते. फरक इतकाच की आईच्या कडेवर एक पोर होतं, हिच्यापुढे तीन.

विधवांसाठी तोपर्यंत काही वाटा उघडल्या होत्या. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला होता, तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला वाढला. रमाबाई रानडेंच्या पुण्याच्या सेवासदनात बायका शिक्षिका आणि नर्स होत होत्या. पण त्यासाठी शाळेचा पाया लागायचा, काही वर्षं हातात असावी लागायची. कमलाबाईंकडे शाळाच नव्हती. होतं ते गाणं, पाठांतर आणि रंगमंचावर उभं राहायची वीस वर्षांची सवय. शिवाय तरुण विधवेने तोंडाला रंग लावून पदं म्हणायची, यावर लोक काय बोलणार हे वेगळं सांगायला नको. त्या तिन्ही मुलांना घेऊन पुन्हा कामाला लागल्या.

१९३० च्या सुमारास त्या मनोहर स्त्री संगीत मंडळीत होत्या. स्त्री मंडळीत सगळ्या भूमिका बायकांच्याच, त्यामुळे नायकही बाई आणि खलनायकही बाई. कमलाबाईंनी इथे पुरुषभूमिका केल्या आणि त्या गाजल्याही. म्हणजे ज्या घरात नवऱ्याने शालू नेसून नाव कमावलं, त्याच घरात बायकोने फेटा बांधून मुलं वाढवली. पुरुषाने बाई होणं ही कला आणि बाईने पुरुष होणं ही नाइलाजाची सोय, असा काहीसा हिशेब तेव्हाच्या नाट्यरसिकांच्या डोक्यात असायचा. माझ्या मते दोन्हीला लागणारी मेहनत सारखीच आहे, उलट पुरुषी आवाजात रात्रभर गाणं जास्त कठीण.

जगात दुसरीकडे काय चाललं होतं तेही बघू. अमेरिकेत मॉड अ‍ॅडम्स नावाची नटी होती. तिची आईही नटी, आणि ती स्वतः तान्ही असल्यापासून रंगमंचावर. १९०५ साली न्यूयॉर्कला तिने ‘पीटर पॅन’मधल्या मुलाची भूमिका केली आणि ती इतकी चालली की अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त पैसे मिळवणाऱ्या कलाकारांत तिची गणना व्हायला लागली. तशीच आई, तसंच बालपण, तशीच पुरुषवेषातली कामं. पण मॉड अ‍ॅडम्सच्या मागे मोठा निर्माता होता, थिएटरं होती, करार होते. कमलाबाईंच्या मागे बिऱ्हाडाच्या पेट्या आणि तीन पोरं होती.

त्यातच १९३१ साली बोलपट आला. लोकांना चार आण्यात गाणं, संवाद आणि कथा मिळायला लागल्यावर रात्रभर नाटकाला कोण बसणार? एकेक कंपनी कर्जात गेली. खुद्द बालगंधर्वही १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ सिनेमात गेले. फिरत्या कंपनीत मालक बुडाला की सगळे बुडायचे, कारण पगार, जेवण आणि राहणं तिन्ही कंपनीच्याच जिवावर. कमलाबाईंनीही मग बोलपटांत कामं घेतली. मोठ्या नायिकेच्या भूमिका नाही, मिळतील ती. आयुष्यभरात त्यांचे ३० च्या वर सिनेमे झाले. शेवटचा ‘गहराई’ १९८० साली आला, म्हणजे ‘मोहिनी भस्मासुर’नंतर तब्बल ६७ वर्षांनी.

दुर्गा खोटे १९३१-३२ च्या सुमारास सिनेमात आल्या तेव्हा घरंदाज घरातली पहिली बाई पडद्यावर आली म्हणून गाजावाजा झाला आणि आजही तसंच लिहिलं जातं. दुर्गा खोटेंचं धाडस मोठंच होतं. पण दुर्गाबाई कामत आणि कमला त्यांच्या १८ वर्षं आधी तिथे होत्या. त्या विस्मरणात गेल्या, कारण नवऱ्याला सोडलेल्या आणि नाटकात गेलेल्या बाईला घरंदाज म्हणायला कुणी तयारच नव्हतं.

मुलांचं काय झालं? चंद्रकांत लहानपणीच रंगमंचावर आले आणि पुढे मराठी नाटक-सिनेमातले मोठे नट झाले, २००८ साली गेले. लालजी आणि सूर्यकांत हे दोघे तबल्यात नावाजले. लालजी शिकले उस्ताद अहमदजान थिरकवाँकडे, म्हणजे एकेकाळी बालगंधर्वांच्या नाटकात तबल्यावर बसणाऱ्या थिरकवाँ साहेबांकडेच. चंद्रकांतजींचे चिरंजीव विक्रम गोखले. ‘बॅरिस्टर’ नाटक असो की ‘अनुमती’ सिनेमा, त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. २०२२ साली ते गेले तेव्हा बातम्यांमध्ये पणजी दुर्गाबाई आणि आजी कमलाबाईंची नावं पुन्हा एकदा दिसली.

कमलाबाई स्वतः शतकाच्या अगदी शेवटापर्यंत जगल्या. नव्वदीच्या घरात असताना त्या पुण्यात एकट्या राहत होत्या. तेव्हा रीना मोहन या दिग्दर्शिकेने त्यांच्यावर ‘कमलाबाई’ नावाचा माहितीपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पाठ वाकलेली, नजर अधू झालेली. पण समोर कॅमेरा लागला की ही म्हातारी जुन्या नाटकांतले उतारे आणि पदं म्हणायला लागते, ती सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वी कंपनीच्या बिऱ्हाडात पाठ केलेली.