नारदांच्या गादीवरील तुकोबा

देवर्षी नारद म्हणजे तिन्ही लोकी संचार करणारे भक्तश्रेष्ठ. बाळ ध्रुवाला मंत्र देणारे तेच, कयाधूच्या उदरातील प्रल्हादाला भक्तीचा बोध करणारे तेच आणि वाल्मीकींना रामकथा सांगणारेही तेच. एका ठिकाणी न थांबता, ज्याला गरज त्याच्या दारी भगवंताचे नाम पोचविणे हे त्यांचे कार्य. म्हणूनच कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला महाराष्ट्रात नारदांची गादी म्हणतात. इंद्रायणीकाठी त्या गादीचा मान ज्यांनी वाढविला ते संतश्रेष्ठ तुकाराम महाराज.

लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावून इंद्रायणी मावळातून देहूस येते. तेथे मोरे घराण्यात, बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी, इ. स. १६०८ च्या सुमारास महाराजांचा जन्म झाला. घरी महाजनकी, सावकारी व वाण्याचे दुकान होते. पूर्वज विश्वंभरबुवांपासून विठ्ठलाची सेवाही चालत आली होती. तरुणपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. थोरले बंधू सावजी घर सोडून तीर्थाटनास गेले. त्यातच १६३० चा भयंकर दुष्काळ आला. दुकान बुडाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला.

अशा पडत्या काळात महाराजांचे लक्ष घराण्याच्या मोडकळीस आलेल्या देवळाकडे गेले. गाठीस पैसा नव्हता. पण देवळाचा जीर्णोद्धार करावा असे मनाने घेतले. त्यांनी स्वतः माती खणली, चिखल तुडविला व भिंती उभ्या केल्या, असे परंपरा सांगते. देऊळ उभे राहिल्यावर त्यात एकादशीचे कीर्तन सुरू झाले. आरंभी महाराजांना कीर्तनाचा अभ्यास नव्हता. त्यांनी पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. नारदांच्या गादीची वाट त्यांनी अशी शेवटच्या रांगेतून चालली.

भामचंद्र व भंडारा या डोंगरांवर त्यांनी एकांतात चिंतन केले. स्वप्नात बाबाजी चैतन्यांचा गुरूपदेश झाला. लोकांकडून येणे असलेल्या रकमांच्या खतांपैकी धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांना देऊन, स्वतःच्या वाट्याची खते महाराजांनी इंद्रायणीत बुडविली. कर्जदार कुळे मोकळी झाली. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच डोहात बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. विरोध करणारे रामेश्वरभट्ट नंतर शिष्य झाले.

देहू, लोहगाव, पंढरी अशी महाराजांची कीर्तने होत. ज्या गावी कीर्तन करावे तेथे अन्नही घेऊ नये, बुक्का लावून घेऊ नये, द्रव्य घेऊ वा देऊ नये, असा त्यांचा कडक दंडक होता. टाळकऱ्यांत जातीचा भेद नव्हता. चाकणचे संताजी जगनाडे हे तेली समाजातील; त्यांनी महाराजांचे अभंग लिहून ठेवले. मावळातील सुदुंबरे येथे संताजींची समाधी आहे.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ या दिवशी महाराज वैकुंठास गेले. तो दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सोहळा सुरू केला. नारद एकटे फिरत. महाराजांच्या पादुकांबरोबर आज लाखो वारकरी चालतात.

देणगीदारांच्या हातांनी देऊळ उभे राहते, पण ते जागते राहते ते कीर्तनाने. तुकोबांनी भिंती बांधून झाल्यावर हात झटकले नाहीत. दर एकादशीला ते त्याच देवळात उभे राहिले. जीर्णोद्धार झालेल्या प्रत्येक गावापुढे त्यांनी हाच धडा ठेवला आहे. नव्या सभामंडपात ध्रुपद धरणारे चार जण तरी गावातून उभे राहिले, तर नारदांची गादी रिकामी राहणार नाही.