विश्लेषण : हायड्रॉलिक जॅकचे जनक जोसेफ ब्रामा कोण होते? चामड्याच्या एका कड्याने त्यांचे यंत्र कसे तारले?

पंक्चर झालेल्या ट्रकखालचा बॉटल जॅक असो की डंपरचा हौदा उचलणारा सिलिंडर, दोन्हींचे मूळ १७९५ च्या एका ब्रिटिश पेटंटमध्ये आहे. ते घेणारे जोसेफ ब्रामा मूळचे सुतार. त्यांच्या यंत्राला सुरुवातीला ज्या गळतीने सतावले, तीच गळती आजही गॅरेजमधली नेहमीची तक्रार आहे.

ब्रामा कोण होते?

इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये १७४८ साली शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. किशोरवयात पायाला दुखापत झाल्याने शेतीकाम अवघड झाले आणि ते सुतारकाम शिकले. पुढे लंडनमध्ये घरोघरी शौचकूप बसवताना त्यांनी त्यातील दोष हेरले आणि १७७८ मध्ये सुधारित रचनेचे पेटंट घेतले. १७८४ मध्ये त्यांनी नव्या कुलपाचे पेटंट मिळवले. हे कुलूप किल्लीविना उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस, असे आव्हान दुकानाच्या खिडकीत झळकत होते. ते जिंकायला १८५१ साल उजाडावे लागले.

हायड्रॉलिक प्रेसचे तत्त्व काय?

बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांनी सतराव्या शतकातच मांडले होते. समजा, १ चौरस सेंटिमीटरच्या लहान दट्ट्यावर १० किलोचा भार दिला. तोच दाब १०० चौरस सेंटिमीटरच्या मोठ्या दट्ट्याखाली पोहोचला, तर १००० किलो वजन उचलता येते. मात्र मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर जायला लहान दट्ट्या एकूण १०० सेंटिमीटर दाबावा लागतो. जॅकचा दांडा पुन्हा पुन्हा मारावा लागतो तो यामुळेच. ब्रामा यांनी हे तत्त्व वापरात आणले. त्यांच्या यंत्रात तेलाऐवजी पाणी होते.

अडचण कुठे आली?

दट्ट्या आणि नळकांड्याच्या फटीतून पाणी उसळत असे. पॅकिंग घट्ट आवळले तर गळती थांबे, पण दट्ट्याच जखडून जाई. सैल केले की पुन्हा गळती. यावरचा तोडगा ब्रामा यांच्याच कार्यशाळेतील तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले यांनी काढल्याचे मानले जाते. त्यांनी पन्हळीच्या आकाराचे चामड्याचे कडे बसवले आणि त्याची पोकळ बाजू पाण्याच्या दिशेला ठेवली. दाब वाढला की पाणी पोकळीत शिरून कड्याच्या कडा दोन्ही बाजूंना चिकटवते. म्हणजे दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. दाब सोडला की कडा सैल पडतात आणि दट्ट्या सहज खाली येतो. आजच्या रबरी किंवा पॉलियुरेथेनच्या ‘यू’ आकाराच्या सीलची रचना हीच आहे.

पेटंटवर नाव ब्रामा यांचे राहिले. मॉडस्ले यांना आठवड्याला ३० शिलिंग मिळत. पगारवाढ नाकारली गेल्यावर १७९७ मध्ये त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली आणि पुढे यंत्र-अवजारांच्या इतिहासात मोठे नाव कमावले.

ब्रामा यांच्यानंतर काय झाले?

हॅम्पशायरमध्ये आपल्याच प्रेसने झाडे उपटण्याच्या कामावर देखरेख करताना ब्रामा यांना थंडी बाधली. ९ डिसेंबर १८१४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १८४९ मध्ये वेल्समधील ब्रिटानिया पुलाच्या सुमारे दीड हजार टनांच्या लोखंडी नळ्या याच तत्त्वावरील प्रेसने उचलल्या जात होत्या. त्या वेळी एका सिलिंडरचा तळ फुटला. नळी जसजशी वर जाई तसतसा खाली आधार रचला जात असल्याने ती काही इंचच खाली आली आणि पूल वाचला.

आज जॅक वापरताना काय पाहावे?

* भार असताना जॅक हळूहळू बसत असेल, तर सील झिजले आहे किंवा रिलीज व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही.
* दट्ट्या धक्के देत वर जात असेल, तर तेलात हवा शिरली आहे. भार नसताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा काही वेळा मारल्यास ती सहसा निघते.
* दट्ट्या पूर्ण उंचीपर्यंत जात नसेल, तर तेल कमी आहे. दट्ट्या खाली बसवूनच तेल भरावे. ब्रेक ऑइल घालू नये, त्याने हायड्रॉलिक तेलासाठीचे सील फुगून खराब होतात.
* दट्ट्यावर ओरखडे किंवा गंज असेल, तर नवे सीलही टिकत नाही. जॅक तिरका लावल्याने असे ओरखडे पडतात.
* गाडी उचलल्यावर स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरू नये. सील नवे असले तरी भार एकट्या सिलिंडरवर सोडायचा नसतो. ब्रिटानिया पूल वाचला तो खालच्या आधारामुळेच.